तेलाचा आवाज



महाड आणि पोलादपूर हीं नांवें उच्चारलीं कीं इतिहासप्रिय माणसाच्या डोळ्यांपुढें ठरलेलीं चित्रें उभीं राहतात. रायगडचा कडा दिसूं लागतो. १६७४ च्या ज्येष्ठांतला राज्याभिषेक आठवतो. उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांचें स्मरण होतें. पोलादपुरांतील कवींद्र परमानंदांची समाधि मनांत येते. आणि अलीकडच्या काळाकडे वळलें तर १९२७ सालच्या मार्च महिन्यांत चवदार तळ्याच्या पाण्याला ज्यांनीं हात लावला त्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. अशा थोर स्मरणांच्या शेजारीं मी आज एका लोखंडी कढईची गोष्ट घेऊन बसलों आहें, ह्याबद्दल क्षमा असावी. पण ज्या घरांतून हीं माणसें बाहेर पडलीं त्या घरांत चूल होती, चुलीवर कढई होती आणि कढईंत थोडेंबहुत तेल होतें. त्या तेलाचाही इतिहास आहे. त्याला बखरकार मिळाला नाहीं इतकेंच.

गेल्या वर्षीं पोलादपूर तालुक्यांतील आमच्या एका नातलगांकडे जाण्याचा योग आला. स्वयंपाकघराच्या खिडकींत एक सुबक काचेची बाटली ठेवलेली होती. पिवळ्याधमक तेलांत लसणीच्या पांढऱ्या पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि कढीलिंबाची एक डहाळी अशीं तरंगत होतीं कीं पाहणाऱ्याला तें चित्रच वाटावें. घरच्या नातसुनेनें तें हौसेनें केलें होतें. सोललेली लसूण धुतली, बाटलींत टाकली, वरून कच्चें तेल ओतलें, बूच लावलें. त्याला पंधरा दिवस झाले होते. दुपारीं भाकरीबरोबर तें तेल पानांत यायचें होतें. आमच्या थोरल्या काकूंना आतां नीट दिसत नाहीं. त्यांनीं बाटली हातांत घेतली, बूच काढून वास घेतला आणि विचारलें, "पोरी, ह्याचा आवाज गेला होता का गं?"

"कसला आवाज, आजी?"

"पाण्याचा."

मुलीला तो प्रश्न कळला नाहीं. खरें सांगायचें तर त्या क्षणीं मलाही कळला नाहीं. बाटली मात्र पानापर्यंत आली नाहीं. काकूंनीं ती मागल्या दारीं नेऊन ओतावयास लावली. पुढें त्या एका प्रश्नाचा मागोवा घेतां घेतां मी बराच दूर गेलों. तोच प्रवास आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

प्रथम ह्या मुलखांत तेल येतें कोठून तें पाहूं. महाड-पोलादपूरची जमीन दोन तऱ्हांची. सावित्री, गांधारी आणि काळ ह्या नद्यांच्या कांठची सखल भातजमीन, आणि डोंगरउतारावरची वरकस. भातखाचरांतून पोट भरतें, पण तेल निघत नाहीं. तेल वरकसानें द्यावें. एक-दोन वर्षें नाचणी, मग वरी, मग तीळ किंवा कारळे, आणि नंतर जमिनीला विश्रांति, अशी तेथील जुनी रीत. कारळ्याला घाटावर खुरासणी म्हणतात. काळें, बारीक, लांबट बीं. पावसाच्या अखेरीस डोंगरउतार पिवळ्या फुलांनीं रंगून जातो. ह्या बियांचें मूळ घर आफ्रिकेंतील इथिओपियाच्या पठारावर आहे असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. पण आमच्याकडे तें इतक्या प्राचीन काळीं आलें कीं त्याला कोणी परकें म्हणत नाहीं. तिळाविषयीं तर बोलावयासच नको. 'तैल' हा शब्दच तिळापासून झाला, आणि मग सरसू, खोबरें, एरंड, सर्वांच्या रसाला तेंच नांव मिळालें.

घरच्या घरीं, घाणा नसतांना, बायका काढीत तें तेल कोकमाचें. रातांब्याचीं आमसुलें केलीं कीं बिया उरतात. त्या उन्हांत खडखडीत वाळवावयाच्या, फोडून आंतला मगज काढावयाचा, तो कुटून पाण्यांत उकळत ठेवावयाचा. तेल वर येतें. तें पळीनें काढून थंड केलें कीं थिजतें आणि त्याचे हातानें गोळे वळतां येतात. थंडींत भेगाळलेल्या टांचांना ह्याच्यासारखें दुसरें औषध नाहीं, आणि पूर्वीं कित्येक घरांत तें पोटांतही जाई. हें येथें एवढ्यासाठीं सांगितलें कीं पाणी आणि तेल ह्यांना एकत्र कढवून पुन्हां वेगळें कसें करावें ही विद्या कोंकणातील बाईला कोणी ग्रंथ वाचून शिकविली नव्हती. दर उन्हाळ्यांत ती तिच्या हातांखालून जात होती.

बाकीचें तेल मात्र तेल्याच्या घाण्यावरचें. बैलाच्या फेऱ्यांनीं लाट फिरे, तेल खालीं उतरे, पेंड गुरांना जाई. ह्या व्यवसायांत आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट मोठी नवलाची आहे. उत्तरेकडे, अलिबाग-रेवदंड्याच्या किनाऱ्यालगतच्या गांवांतून बेने इस्राएल लोक शतकानुशतकें घाणे चालवीत होते. आपण मूळचे नौकाभंगांतून नवगांवच्या किनाऱ्याला लागलों अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारीं त्यांचा बैल घाण्याला जुंपला जात नसे, म्हणून मराठी शेजाऱ्यांनीं त्यांना 'शनवार तेली' हें नांव दिलें. हैम सॅम्युएल केहिमकरांनीं आपल्या समाजाचा जो इतिहास लिहिला आणि जो १९३७ सालीं छापून निघाला, तो ह्या विषयाचा मोठा आधार आहे. सर्वांना हिंदू कालगणनेचे वार ठाऊक. पण ज्या गांवांत तेल कोणत्या दिवशीं मिळणार नाहीं ह्यावरून धर्म ओळखला जाई, तें गांव मला फार सुसंस्कृत वाटतें.

जुन्या घरांत तेलें दोन असत, एक खाण्याचें आणि एक जाळण्याचें. जाळावयाला उंडीचें, करंजाचें. तीं कडू आणि उग्र. दिव्याच्या तेलाला घरांत किती जपावें लागे ह्याचा एक मार्मिक पुरावा शिवकालांत सांपडतो. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणजवळच्या तळावरील जुमलेदार-हवालदारांना जें प्रसिद्ध आज्ञापत्र गेलें, त्यांत रात्रीं दिवा पेटता राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, असा इशारा आहे. सैन्याच्या स्वारीशिकारीचा विचार करणारा राजा तेलांत भिजलेल्या वातीकडे आणि उंदराकडेही पाहत होता. असो, हें थोडें विषयांतर झालें.

आतां काकूंच्या प्रश्नाकडे येऊं. तेलांत पाला, मुळी, कंद कढवून त्याचा गुण तेलांत उतरवावयाचा, ह्याला आपल्या वैद्यकांत स्नेहपाक म्हणतात. ह्या विद्येचा आणि महाराष्ट्राच्या भूमीचा संबंध जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकीर्दीतील, म्हणजे तिसऱ्या शतकांतील, एक लेख आहे. विष्णुदत्ता नांवाच्या शक कुळांतील एका उपासिकेनें आजारी भिक्षूंच्या औषधांसाठीं कायमचा निधि ठेवला, आणि तो ज्या श्रेणींकडे व्याजानें ठेवला त्यांत 'तिलपिषक' म्हणजे तीळ गाळणाऱ्या तेल्यांची श्रेणी होती. औषधासाठीं पैसा ठेवावयाचा तर तेल्यांकडे ठेवावा इतकी ह्या धंद्याची पत त्या काळीं होती. महाडजवळ गांधारपाल्याच्या टेकडींत जीं लेणीं कोरलीं आहेत त्यांतील भिक्षूंनाही पावसाळ्यांत सांधे दुखत असतील आणि छाती भरत असेल. तेलावांचून त्यांचें चाललें असेल असें मला वाटत नाहीं.

पुढें शार्ङ्गधराच्या संहितेंत, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास, ह्या स्नेहपाकाचें प्रमाण ठरीव शब्दांत आलें. वाटलेल्या वनस्पतीचा कल्क एक भाग, तेल त्याच्या चौपट, आणि पाणी किंवा काढा तेलाच्याही चौपट. मंद विस्तवावर सारें पाणी आटून तेल उरावयाचें. आतां तेल झालें हें कसें ओळखावें? तापमापक यंत्र नव्हतें, घड्याळ नव्हतें. तेव्हां वैद्यांनीं खुणा सांगितल्या. कल्क बोटांत घेऊन वळला कीं त्याची वात वळली पाहिजे. तेलावर फेस आला पाहिजे. तुपाचें उलट, त्याचा फेस बसला पाहिजे. औषधाचा रंग आणि गंध तेलांत उतरला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाची खूण ही कीं, तो कल्क विस्तवावर टाकला असतां आवाज होतां कामा नये.

हें वाचलें तेव्हां मी पुस्तक मिटून स्वस्थ बसलों. संस्कृताचें अक्षर न वाचलेल्या आमच्या काकू आणि शार्ङ्गधर एकच प्रश्न विचारीत होते.

वैद्यांनीं पाकाचे तीन प्रकार मानले आहेत, मृदु, मध्यम आणि खर. कल्कांत थोडी ओल उरली तो मृदु. ओल गेली पण कल्क मऊ राहिला तो मध्यम. आणि कल्क कडक झाला तो खर. खराच्या पुढें जळकें तेल. तें टाकून द्यावें. नाकांत घालावयास मृदु, अंगाला चोळावयास खर आणि पोटांत घेण्यास मध्यम, अशी योजना. स्वयंपाकाचें तेल पोटांत जावयाचें, म्हणून तें मध्यम पाकाचें. लसूण सोनेरी होऊन कुरकुरीत व्हावी पण काळी पडूं नये, असें जें प्रत्येक घरांतील सासू सुनेला सांगत आली, तो हा मध्यम पाकच नव्हे काय?

वैद्यांनीं स्वयंपाकघरांतून घेतलें कीं स्वयंपाकघरानें वैद्यांकडून, असें कोणी विचारील. माझा कौल चुलीच्या बाजूनें आहे. वैद्याला रोगी आठवड्यांतून चार येत. फोडणी दिवसांतून दोन वेळां होई. आणि फोडणी म्हणजे तरी काय? तेलांत मोहरी, हिंग, लसूण, कढीलिंब ह्यांचा जीव क्षणभरांत उतरवून घेणें. तेंच मोठ्या प्रमाणावर आणि सावकाश केलें कीं कढविलेलें तेल झालें. एकाच कढईंत कधीं केसांसाठीं माक्याचें, कधीं गुडघ्यांसाठीं निर्गुडीचें, तर कधीं भाकरीसाठीं लसणीचें तेल होई. लसणीला तर ह्या देशांत स्वतंत्र मान आहे. मध्य आशियांतील कुचा येथें १८९० सालीं बॉवर नांवाच्या अधिकाऱ्याच्या हातीं जी प्राचीन वैद्यकीय पोथी लागली, तिचा आरंभच लसणीच्या गुणवर्णनानें होतो. मिरची मात्र नवी. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकांत आली. तेव्हां मिरचीच्या लाल तेलाला कितीही जुनें म्हटलें तरी तें त्यापलीकडे जात नाहीं.

दुसरीही एक रीत होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या मानसोल्लासांत, म्हणजे ११२९-३० च्या सुमारास, स्नानाचें सुगंधी तेल सांगितलें आहे. त्यांत तेलांत फुलें कढवीत नाहींत. फुलांचा वास आधीं तिळांना देतात आणि मग ते तीळ गाळतात. वास तेलांत येतो, फुलांची ओल तेलाला शिवत नाहीं. रीत राजाची; पण मुद्दा तोच, पाणी बाहेर.

आतां आमच्या घरची रीत सांगतों. आगोटीच्या तयारींत, म्हणजे मृगापूर्वीं, हें काम होई. पुढचे चार महिने धुकें आणि पाऊस. पोलादपुराला तीन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो, मीठसुद्धां पाझरतें, आणि आंबेनळीच्या किंवा वरंध्याच्या घाटानें वर जावें तरी दरड कोसळलेली. बंदरही बंद, एरवीं बाणकोटच्या खाडींतून भरतीच्या पाण्यावर महाडपर्यंत होड्या येत, त्याही थांबत. तेव्हां ज्या दिवशीं भाजी नाहीं त्या दिवशीं नाचणीच्या भाकरीवर हें तेल. लसूण, आलें, मिरची, कांदा हें सारें धुऊन, पुसून, चिरून एक दिवस सावलींत पसरीत. तिळाचें किंवा कारळ्याचें तेल जाड बुडाच्या कढईंत घेत. ते थंड असतांनाच कांदा आणि आलें टाकीत, कारण त्यांत पाणी फार. मागाहून लसूण, त्यानंतर मिरची, आणि अगदीं शेवटीं कढीलिंब, ज्याला पळभर पुरे. विस्तव मंद. आधीं मोठे बुडबुडे आणि चरचर; मग बुडबुडे बारीक, आवाज हलका; आणि मग एका क्षणीं कढई गप्प होते. त्या क्षणीं कढई उतरावयाची. थंड झाल्यावर कोरड्या फडक्यांतून गाळून चिनी मातीच्या बरणींत भरावयाचें, आणि त्यांत ओली पळी घालणाऱ्याला बोलणीं खावीं लागत. गाळ फेकीत नसत. खोबरें-मीठ घालून त्याची चटणी होई, आणि खरें सांगूं का, तेलापेक्षां आम्हां मुलांचा डोळा त्या चटणीवर असे.

त्या आवाजाचें रहस्य साधें आहे. पाणी १०० अंशांवर उकळतें; तेल त्याच्या कितीतरी पुढें तापूं शकतें. भाजींत पाणी आहे तोंवर तें वाफ होऊन निघतें, तोच तो आवाज. आणि तोंवर भाजी जळतही नाहीं, कारण पाणी तिला १०० च्या आसपास धरून ठेवतें. पाणी संपलें कीं आवाज संपतो आणि उष्णता झपाट्यानें चढते. म्हणून गप्प होणें आणि जळणें ह्यांत अंतर अगदीं थोडें, आणि म्हणून घरांतील जाणत्या बाईनें कान देऊन जवळ बसावयाचें.

आणि तें पाणी आंत राहिलें तर? येथें गोष्ट गंभीर होते. मातीत एक जंतु असतो. बेल्जियमच्या व्हान अर्मेंगेम ह्यांनीं १८९५ मध्यें खारविलेलें डुकराचें मांस खाऊन लोक दगावले त्या प्रकरणांत तो शोधून काढला. त्याचीं बीजें नुसत्या उकळण्यानें मरत नाहींत. जेथें हवा नाहीं, आंबटपणा नाहीं, पण ओल आणि ऊब आहे, तेथें तीं अंकुरतात आणि एक भयंकर विष तयार करतात. लसूण जमिनींत वाढते. तीं बीजें तिच्यासंगें येतात. कच्ची ओली लसूण तेलांत बुडविली कीं तेल हवा अडवतें, लसणीला आंबटपणा नाहीं, ओल तिची स्वतःची, आणि ऊब कोंकणच्या खिडकींत हवी तितकी. विषाला वास नाहीं, चव नाहीं. पापण्या जड होतात, एकाचीं दोन दिसूं लागतात, पुढें श्वास अडतो. कॅनडांत व्हॅन्कूव्हर शहरीं १९८५ सालीं एका उपाहारगृहांतील तेलांत ठेवलेल्या लसणीनें ३६ माणसें अशीं आजारी पडलीं. आणि कित्येकांच्या दुखण्याचें निदान आरंभीं भलतेंच झालें. अमेरिकेंत १९८९ सालीं अशाच दुसऱ्या प्रकरणानंतर, लसणीच्या तेलांत आम्ल घातल्याशिवाय तें विकूं नये असा नियम झाला.

आमच्या लोणच्याला ही भीति नाहीं, कारण तेथें कैरीचा किंवा लिंबाचा आंबटपणा आणि मिठाचा मारा आहे. कढविलेल्या तेलाला आधार एकच, ओल नसणें. ह्या बाबतींत आजचें शास्त्र काकूंहूनही कडक आहे. घरच्या कढईंत ओल पुरती गेली कीं नाहीं हें मोजतां येत नाहीं, म्हणून असें तेल थोडें करावें, शीतकपाटांत ठेवावें आणि तीन-चार दिवसांत संपवावें, असें तें सांगतें. आगोटीच्या बरणीची रीत मी इतिहास म्हणून सांगितली. ती कोणी गिरवावी म्हणून नव्हे.

हें ज्ञान मोडलें कसें? एका दिवसांत नव्हे. प्रथम घासलेट आलें आणि दिव्याचें तेल गेलें. घाण्याचें निम्में गिऱ्हाईक त्याबरोबर गेलें. मग ह्या डोंगरांतील पुरुष मुंबईच्या गिरण्यांकडे गेले. परळ-शिवडीच्या चाळींत ते राहत, आणि त्याच शिवडीला १९३२ सालीं वनस्पति तुपाचा कारखाना उभा राहिला. १९३७ मध्यें डालडा बाजारांत आलें. सणाला गांवीं येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवींत तो पिवळा डबा येऊं लागला. डब्याचा मोह मोठा. रिकामा झाला कीं त्यांत तांदूळ राही, किंवा तुळस लागे. त्यानंतर शुद्ध केलेलीं, रंग-वास काढून टाकलेलीं तेलें आलीं. कारळ्याच्या तेलाला स्वतःची चव होती. ह्या नव्या तेलाला कांहींच नाहीं, म्हणून त्यांत लसूण-मिरची मुरवावी अशी इच्छा नव्या मुलींना होते, आणि ती अगदीं स्वाभाविक आहे. बाटलीचें चित्र त्यांच्यापर्यंत आलें. कढईचा आवाज आला नाहीं. त्यांत त्या पोरीचा काय दोष? तो तिला आम्हीं ऐकविला नव्हता.

त्या दिवशीं संध्याकाळीं काकूंनीं चुलीजवळ पाट मांडावयास सांगितला. शेजारच्या वाडींतून पावशेर कारळ्याचें तेल मागविलें. नातसुनेनें लसूण पुसून चिरली, कढई चढविली, आणि दर मिनिटाला ती विचारी, "आजी, झालें का?" काकू मान हलवीत. बाहेर अंधार पडला. चरचर बारीक होत गेली, आणि मुलगी पुन्हां विचारणार तोंच थबकली. तिनें स्वतःच कढई उतरली.

"ऐकलंस?" काकू म्हणाल्या.

"हो."

"मग आतां भाकऱ्या टाक."